अप्पर लिप फ्री

उधना दरवाज्याहून डिंडोलीकडे जाणाऱ्या रिक्षांच्या पाठी वाचत जाणं हा माझा जुना नाद. पूर्वी तिथे माताजी असायच्या, मग कोचिंग क्लासवाले आले, हल्ली गुळगुळीत पाय आले आहेत. नुसते पाय. बाई कंबरेच्या वर छापलेलीच नसते, त्यामुळे ती कोण, कुठली, तिला हे सगळं हवं होतं का, हे विचारायची सोय नाही. खाली एक ओळ: फुल बॉडी लेसर घ्या, अप्पर लिप फ्री.

सुरतेत कुठल्याही सौद्यात वर काहीतरी फुकट पडल्याशिवाय गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही, हे मान्य. पण लेसरच्या दृष्टीने चेहरा ही सगळ्या अंगातली कटकटीची जागा. तिथले केस हार्मोनच्या तालावर नाचतात, सेशन जास्त लागतात, आणि डाग पडला तर तो झाकायला सलवार नसते. नेमकी तीच जागा हे लोक भाजीवरच्या कोथिंबिरीसारखी वर टाकतात.

या गावाला लेसर नवा नाही. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांतले नऊ सुरतेत घासले जातात असं म्हणतात, आणि त्यातला कच्चा माल आज पात्याने नाही, लेसरने चिरतात. रिंग रोडच्या बाजारात जाणाऱ्या साड्यांचे काठ लेसरने कातरतात. म्हणजे लेसर म्हणजे काय, तो काय जाळतो आणि काय सोडतो, हे या शहरातल्या निम्म्या घरांना कुणी शिकवायला नको.

वराछा-कतारगामच्या कारखान्यात कच्चा हिरा लेसरखाली जाण्याआधी काय काय होतं ते बघण्यासारखं असतं. आधी तो ‘गॅलॅक्सी’ नावाच्या इस्रायली यंत्रात जातो. पोटात कुठे काळा ठिपका, कुठे तडा, सगळ्याचा नकाशा संगणकावर उभा राहतो. मग प्लॅनिंगवाला बसतो. यातून एक मोठा काढायचा की दोन लहान, किती वजन जाईल, किती हाती राहील. मग मार्किंग. मग शेठ बघतो. शेठचा भाऊ बघतो. नव्या ऑपरेटरला महागाच्या मालाला हात लावू देत नाहीत. एवढं सगळं झाल्यावर मग कुठे लेसर.

याच गावात बाईच्या ओठावर लेसर सोडायचा तर चौकशी अशी: “बेन, कॅश की यूपीआय?”

*

लेसरला काळ्याचं वेड. हिरा पारदर्शक, उजेड त्यातून आरपार निघून जातो. म्हणून चिरायच्या रेषेवर आधी काळी शाई लावून त्याला पकड मिळवून देतात. केसात ही शाई जन्मजात भरलेली असते, मेलॅनिन नावाची. बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं की प्रकाशाची लहर आणि झोताचा वेळ नेमका निवडला, तर आजूबाजूला धक्का न लावता फक्त रंगीत भाग तापवता येतो. केस उजेड पितो, तापतो, ती धग मुळाशी जाते आणि पुन्हा केस उगवणाऱ्या पेशी होरपळतात. सगळा खेळ एवढाच.

अडचण अशी की हीच शाई आपल्या कातडीतही असते. गोऱ्या बाईच्या पायावर काळा केस म्हणजे लेसरला सरळ हिशेब. आपल्याकडे केस काळा आणि कातडीही सावळी, मग त्याने कुणाला जाळायचं? कातडीचे प्रकार मोजायची जी फिट्झपॅट्रिकची पट्टी जगभर वापरतात, ती १९७५ साली मुळात गोऱ्या लोकांसाठीच केली होती. तपकिरी आणि काळी कातडी तिच्यात मागाहून जोडली. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्या खणात बसतो.

यावर इलाज नाही असं मुळीच नाही. ॲलेक्झांड्राइट लेसरची लहर ७५५ नॅनोमीटरची, डायोडची साधारण ८१०, आणि एनडी-यागची १०६४. लहर जितकी लांब तितकी ती खोल जाते आणि वरच्या कातडीतल्या रंगाच्या कमी वाटेला जाते. म्हणून सावळ्या अंगाला १०६४ सगळ्यात बिनघोर. बरीच वर्षं सुरतेत हिरे चिरले ते याच जातीच्या, याच १०६४च्या लेसरने. फरक झोताच्या वेळेत आहे: हिऱ्यावर तो सेकंदाच्या अब्जांशात मोजायचा, केसावर हजारांशात. तेव्हा “माझा दीर लेसरवर आहे, तोच करून देईल” असा विचार कुणाच्या मनात येत असेल तर तिने तो तिथेच सोडावा.

डायोडही सावळ्या अंगावर नीट चालतो, पण ताकद उतरवून, झोत लांबवून, टोक थंड ठेवून. म्हणजे चालवणाऱ्याला काहीतरी कळलं पाहिजे. हल्ली जाहिरातीत ‘ट्रिपल वेव्ह’ लिहिलेलं असतं, तिन्ही लहरी एकाच यंत्रात. उधन्यात काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं, यातली माझ्यासाठी कुठली? ती म्हणाली, “तिन्ही मारतो ना काकू, एक्स्ट्रा चार्ज नाही.”

*

आमच्या सोसायटीत अंमळनेरकडचं एक कुटुंब आहे. मुलगी बी.कॉम.ला. उतराणीचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन्ही दिवस पोरगी अगाशीत होती, सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत, फिरकी धरून, थ्री-फोर्थ घालून. पायाचा रंग गुडघ्याखाली वेगळाच झाला. पुढच्या आठवड्यात पॅकेजचं दुसरं सेशन होतं. सेशन चुकलं तर पैसे बुडतात, म्हणून गेली.

मला तिच्या आईने बोलावून दाखवलं. नडगीवर चौकोन. एकाशेजारी एक, ओळीत, सारख्या मापाचे, लेसरच्या हँडपीसच्या टोकाएवढे. बरेचसे तपकिरी, दोन पांढुरके. आई पुन्हा पुन्हा त्यांवरून बोट फिरवत होती आणि विचारत होती, “हाई काय शे व?” मुलगी म्हणाली, “रिॲक्शन आहे, जाईल.” पार्लरने ॲलोवेरा लावायला सांगितलं होतं.

“पहिल्यांदा टेस्ट पॅच केला होता?”

“तो काय असतो काकू?”

“उन्हात होतीस का, हे विचारलं होतं?”

“त्यांनी फक्त विचारलं, म्युझिक हिंदी लावू की गुजराती.”

उन्हाने रापलेल्या कातडीत रंग जास्त असतो, म्हणजे लेसरच्या दृष्टीने ती कातडीच केस झालेली असते. शिकाऊ माणसालाही हे पहिल्या दिवशी सांगतात. कोपऱ्यात चाचणीपुरता एक झोत मारून काही दिवस वाट बघायची, कातडी काय म्हणते ते बघायचं, मग पुढे जायचं, हेही सांगतात. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, लेसरने केस कमी करण्याबद्दलची मार्गदर्शक सूत्रं २००८ सालीच छापली आहेत. त्या पार्लरच्या भिंतीवर मात्र फ्रेम करून लावलेला आहे तो गुमास्ताधाऱ्याचा परवाना. तो दुकानाच्या नोंदणीसाठी असतो.

मुलीला मी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तपकिरी डाग काही महिन्यांत फिकटतील, पांढऱ्यांना वेळ लागेल, उन्हात जायचं नाही, सनस्क्रीन चुकवायचं नाही. सुरतेत राहून उन्हात जायचं नाही. बरं.

अमेरिकेत असले डाग कोर्टात जातात. १९८५ ते २०१२ या काळातले लेसर-इजेचे १७४ खटले तिथल्या डॉक्टरांनी तपासले, तेव्हा सगळ्यात जास्त भांडणं केस काढण्याचीच निघाली. त्याच गटाने पुढे मोजलं तर डॉक्टर नसलेल्यांच्या हातून झालेल्या इजांचे खटले २००८ साली ३६ टक्के होते, ते २०११ साली ७८ टक्क्यांवर गेले. आपल्याकडे भांडण कोर्टात जात नाही. पार्लरवाली ओळखीची असते आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी हळदीला भेटते.

*

बरं, केस जातात तरी का?

जातात. पण ‘कायमचे’ हा शब्द अमेरिकेच्या एफडीएनेही जपून वापरला आहे. ते म्हणतात कायमची घट, म्हणजे पुन्हा उगवणारे केस बराच काळ कमीच राहतात. सगळे गेले असं कुणी म्हणत नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००६ सालच्या आढाव्यात ११ चाचण्या आणि ४४४ माणसं होती. ॲलेक्झांड्राइट आणि डायोडने सहा महिन्यांपर्यंत साधारण निम्मे केस कमी झालेले दिसले. त्यापुढचं कुणी नीट मोजलंच नव्हतं. यंत्रं तेव्हापासून सुधारली, अनुभवही वाढला, सहा-आठ सेशन नीट झाली तर पाय आणि काखा यांबद्दल तक्रार करणाऱ्या बायका मला फारशा भेटलेल्या नाहीत. जे उगवतात ते बारीक आणि फिके. वर्षाकाठी एखादं सेशन करून घ्यावं लागतं. वॅक्सिंगच्या किंकाळ्यांपेक्षा बरं, असं त्याच सांगतात.

मात्र हे नवरात्रीच्या आठ दिवस आधी होत नाही. अंगावरचे सगळे केस एकाच वेळी कामावर नसतात. काही वाढीत, काही गळतीत, काही नुसते पडून. लेसरला फक्त वाढीतला सापडतो. म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जायचं. भाद्रपदात बॅकलेस चोळी शिवायला टाकून तिथूनच लेसरवाल्याकडे वळणाऱ्या मुलींनी हिशेब करावा: अश्विनात पाठ दाखवायची तर उतराणीचा रंग उतरल्यावर, फेब्रुवारीत सुरुवात. मधल्या काळात डुमसच्या किनाऱ्यावर जायचं तर छत्री घेऊन.

आणि मधे वॅक्स करायचं नाही, उपटायचं नाही, थ्रेडिंग नाही. मूळच उपटलं तर लेसर तापवणार काय? आदल्या दिवशी वस्तरा फिरवायचा. इथे सगळ्या आया उभ्या राहतात. “वस्तरा लावला की केस राठ येतात!” मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली मोजून सांगितलं की वस्तऱ्याने वाढीत काही फरक पडत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला टोचतं, इतकंच. येत्या २०२८ला या निष्कर्षाची शंभरी भरेल, आमच्या सोसायटीपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही. शाईच नाही. माझ्या हनुवटीवरचे दोन-तीन या नियमाने कायमचे सुटले आहेत. त्यांच्यासाठी विजेची सुई: एकेका मुळाशी सुई घालून करंट द्यायचा. १८७५ साली सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टराने आत वळलेल्या पापण्यांसाठी काढलेली युक्ती. रंग काळा असो की पांढरा, केस जातो. वेळ इतका लागतो की तोवर बाकीचेही पांढरे होतील.

गोंदणावरही लेसर नको. गोंदणाची शाई म्हणजे त्याला मेजवानीच. खानदेशातल्या आज्यांचा प्रश्न नाही, त्या काही ‘फुल बॉडी’ करायला निघालेल्या नाहीत. प्रश्न मनगटावर त्रिशूळ काढून घेतलेल्या त्यांच्या नातींचा आहे. तिळावरही नको. आणि भुवईच्या खाली, डोळ्याच्या खोबणीत तर कुणी कितीही फुकट दिलं तरी नको. झोत डोळ्यात गेला तर ॲलोवेराचा उपयोग नाही.

अप्पर लिप आणि हनुवटीबद्दलची खरी गोष्ट तर जाहिरातीत कधीच नसते. काही बायकांना चेहऱ्यावर लेसर केल्यावर केस वाढतात. कमी नाही, जास्त. डॉक्टरांनी त्याला नावही ठेवलंय, त्यांना कारण पुरतं सापडलेलं नाही, आणि हा प्रकार ज्यांच्यात जास्त दिसलाय त्यांत आपण दक्षिण आशियाई बायका आहोत. शिवाय ज्यांना पीसीओएस आहे त्यांच्या हनुवटीत हार्मोन रोज नवे केस पेरत असतात. लेसर आजचं पीक कापील, उद्याच्या पेरणीचं काय? पाळी चुकते आहे, वजन वाढतंय, केस अचानक वाढलेत, अशी मुलगी आली तर तिला आधी रक्ततपासणीला पाठवायला हवं. पाठवतात सहा सेशनच्या ईएमआयला.

*

आयांची दुसरी भीती कॅन्सरची. ही मात्र उगाच आहे, आणि तरी मी त्यांना हसत नाही. हा उजेड काही मिलिमीटर आत जातो, एक्स-रेसारखा पेशींची घडण मोडत नाही. पण बायकांच्या अंगावरचे केस काढायला एकेकाळी खराखुरा एक्स-रेच वापरला होता. रोंटगेनने तो १८९५ साली शोधला, आणि लगेच पुढच्या वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंडने पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरचे केस त्याने घालवले. केस गेले, पाठीला जखमा राहिल्या. १९२०च्या दशकात अमेरिकेत ‘ट्रायको’ नावाच्या दुकानांची साखळीच निघाली. बाईने खुर्चीत बसायचं, खिडकीला गाल लावायचा, दुखत नाही, जळत नाही. कॅन्सर बऱ्याच वर्षांनी आले, तोवर दुकानं बंद. त्यानंतर ‘कोरेमलू’ क्रीम आलं. त्यात थॅलियम होतं, उंदरांना घालायचे ते. आपणही सोवळे नाही: सुश्रुताच्या ग्रंथात केस घालवायला शंखाच्या चुन्याबरोबर हरताळ आहे, आणि हरताळ म्हणजे आर्सेनिक.

त्या मानाने लेसर गरीब प्राणी. उलट लेसरच्या आधी लावतात त्या बधिर करणाऱ्या क्रीमची भीती कुणालाच नसते. एफडीएने २००७ साली इशारा दिला तो अमेरिकेतल्या दोन तरुण मुलींमुळे. दोघींनी घरून निघताना पायभर ते क्रीम फासलं, वर प्लॅस्टिक गुंडाळलं. औषध रक्तात गेलं, दोघी गेल्या. लेसरखाली त्या पोचल्याच नाहीत.

आणि हे सगळं कशासाठी? २०२४च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला एक मुलगी पहिली आली, ९८.५ टक्के. देशाने तिचा फोटो पाहिला आणि तिच्या ओठावरच्या लवेची चर्चा केली. वस्तरे विकणाऱ्या एका कंपनीने तिच्या पाठिंब्याची जाहिरातही काढली. तिचं गणित कुणी विचारलं नाही.

औषधाच्या बाजाराचंही डोकं असंच चालतं. एफ्लॉर्निथिन नावाचं औषध आफ्रिकेतल्या निद्रारोगावर १९९० साली मंजूर झालं. माणसं मरता मरता उठून बसली. पण ती गरीब माणसं, धंदा बसेना, औषध बनवणं थांबलं. २००० साली तेच औषध बायकांच्या चेहऱ्यावरचे केस मंदावणाऱ्या क्रीममध्ये आलं आणि कारखाना पुन्हा फिरायला लागला. डॉक्टरांच्या संघटनांनी आरडाओरडा केल्यावर २००१ साली निद्रारोग्यांनाही ते मिळायला लागलं. अमेरिकन मिशीच्या कृपेने.

*

पुरुषांचं राहिलं. हल्ली त्यांचीही रांग असते. छाती, पाठ, कानाची पाळी, आणि दाढीची ‘लाइन’. गालावरची कड रोज कोरायचा कंटाळा, म्हणून वरचे केस लेसरने घालवून टाकायचे. माझा भाचा सहारा दरवाज्याजवळ कापडाच्या दुकानात बसतो. गेल्या महिन्यात कड कोरून आला. दिसतं छान, खोटं कशाला बोलू. मी एवढंच म्हटलं, अरे, चार वर्षांनी डोळ्यांपर्यंत भरलेल्या दाढीची फॅशन आली तर?

“विचारलं मी त्यांना,” तो म्हणाला. “काळजी करू नका म्हणाले. वरच्या मजल्यावर हेअर ट्रान्सप्लांट सुरू झालंय.”